लिस्टचा टोटल वेगळा, एसक्यूएलचा वेगळा: युनिव्हर्समधली दर महिन्याची कटकट

ज्यांच्याकडे अजून युनिव्हर्स, म्हणजे एका फील्डमध्ये अनेक व्हॅल्यू ठेवणारा जुना डेटाबेस, चालू आहे त्यांना हे प्रकरण माहीत असणारच. महिनाअखेर आली की अकाउंट्सवाले एक्सेल घेऊन हजर, ओडीबीसीवरून, म्हणजे बाहेरच्या टूलला एसक्यूएलने डेटा देणाऱ्या जोडणीवरून, काढलेली फ्रेटची (मालवाहतुकीच्या खर्चाची) बेरीज एक आकडा सांगते, टर्मिनलवर वर्षानुवर्षं चालत आलेला लिस्टचा, म्हणजे युनिव्हर्सच्या स्वतःच्या (नेटिव्ह) कमांडचा, रिपोर्ट दुसराच आकडा सांगतो, मग कुणीतरी म्हणतं की हा जुना डेटाबेसच गंडलाय, आता मायग्रेट करा, आणि मीटिंग लागते. डेटा बहुतेक वेळा गंडलेला नसतो. फाइल तीच, रेकॉर्ड तेच, फक्त वाचणारे दोघं वेगवेगळ्या नियमांनी वाचतायत आणि दोघांनाही नियम सांगणारी डिक्शनरी अर्धवट भरलेली आहे. दर वेळी कोणीतरी नवीन माणूस हाच प्रश्न घेऊन येतो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

खाली कमांड देवनागरीत टाकल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी कॅपिटलमध्ये मारायच्या. सगळं युनिव्हर्सबद्दल आहे, युनिडेटाचं, म्हणजे त्याच जातीच्या दुसऱ्या डेटाबेसचं, शेवटी थोडं आहे.

आधी एक रेकॉर्ड उघडा बघू. रिपोर्ट बाजूला ठेवा, एसक्यूएल बाजूला ठेवा, कच्चा रेकॉर्ड बघा, सीटी ही रेकॉर्ड जसाच्या तसा दाखवणारी कमांड:

सीटी ऑर्डर्स १००१

१: सी५१२
२: २००००
३: १५०००
४: ए१०]बी२०]सी३०
५: ५]२]१
६: २०००]१२५०]९९००

चौकोनी कंस मी टाकलाय, तिथे खरं तर व्हॅल्यू मार्क असतो, कॅरेक्टर २५३, बऱ्याच टर्मिनलवर तो वायच्या डोक्यावर तिरकी रेघ असं काहीतरी दिसतो. पहिल्या ओळीत गिऱ्हाइकाचा कोड, दुसरीत तारीख, तिसरीत फ्रेट, आणि चार-पाच-सहामध्ये माल, नग आणि दर. म्हणजे एका ऑर्डरमध्ये तीन लाइन आयटेम, सगळे एकाच रेकॉर्डच्या पोटात. तारीख २०००० म्हणजे ३१ डिसेंबर १९६७ हा शून्यावा दिवस धरून मोजलेले दिवस, उत्तर येतं ३ ऑक्टोबर २०२२. फ्रेट १५००० दिसतंय पण ते १५०.०० आहे, पॉइंट कुठे द्यायचा ते डिक्शनरीतला एमडी२ सांगतो.

इथे फाइलला स्वतःला काहीच माहीत नाही हे लक्षात घ्या. तिसरी ओळ पैसे आहेत, दुसरी तारीख आहे, चौथी-पाचवी-सहावी एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे सगळं ज्ञान डिक्शनरीत. डिक फाइलमधला (म्हणजे डिक्शनरीतला) एक डी आयटेम, म्हणजे एका फील्डची व्याख्या, बघितला तर पहिल्या ओळीत डी, दुसरीत कितवी जागा, तिसरीत कन्व्हर्जन, चौथीत हेडिंग, पाचवीत फॉरमॅट म्हणजे १०आर किंवा २०एल वगैरे, सहावीत एस (एकच व्हॅल्यू) किंवा एम (अनेक व्हॅल्यू), सातवीत असोसिएशनचं, म्हणजे एकमेकांना बांधलेल्या फील्डच्या गटाचं, नाव आणि आठवीत एसक्यूएलचा डेटा टाइप. नेटिव्ह लिस्ट, म्हणजे रिट्रीव्ह, पहिल्या पाच ओळींवर निवांत चालतो, सहावी-सातवी नसली तरी समोर काहीतरी बरं दिसणारं छापतो, कारण व्हॅल्यू मार्क दिसला की तो एकाखाली एक छापतोच. एसक्यूएलचं मात्र सगळं घर सहावी, सातवी आणि आठवीवर उभं आहे, आणि जुन्या सिस्टीममध्ये नेमक्या ह्याच ओळी रिकाम्या असतात कारण ज्याने १९९० च्या आसपास ती डिक्शनरी लिहिली त्याच्या डोक्यात एसक्यूएल नव्हतंच.

आता टोटलचा घोळ. समजा दुसरी ऑर्डर १००२, फ्रेट ८०.००, एकच लाइन, बी२० चे ४ नग. नेटिव्हमध्ये:

लिस्ट ऑर्डर्स टोटल फ्रेट

उत्तर २३०.००, बरोबर. आता कुणीतरी एसक्यूएलमध्ये लाइन आयटेम सुटे करून बेरीज घेतो:

सिलेक्ट सम(फ्रेट) फ्रॉम अननेस्ट ऑर्डर्स ऑन प्रॉड;

उत्तर ५३०.००. कारण अननेस्ट केल्यावर १००१ च्या तीन ओळी झाल्या आणि प्रत्येक ओळीवर १५० चं फ्रेट चिकटून आलं, तीनदा मोजलं गेलं. ओडीबीसीवरून येणाऱ्याला अननेस्ट हा शब्द दिसतही नाही, त्याला दोन टेबल दिसतात, ऑर्डर्स आणि ऑर्डर्स_आयटेम्स, फाइलचं नाव मग अंडरस्कोर मग असोसिएशनचं नाव, तो बिचारा दोघांचा जॉइन मारतो आणि हेडरचा कॉलम बेरजेला लावतो, नेमकं तेच. कुठल्याही रिलेशनल डेटाबेसमध्ये हेडर-डिटेल जॉइनवर हेडरची बेरीज केली तरी हेच होतं, पण इथे लोकांना जॉइन केल्याचं भानच नसतं कारण मुळात फाइल एकच आहे. उपाय साधा: हेडरवरच्या रकमा हेडर टेबलातूनच घ्या, लाइनवरच्या लाइन टेबलातून घ्या, दोन क्वेऱ्या करा आणि मग जोडा. रिपोर्टिंग टूलमध्ये फ्रेटच्या कॉलमला डिस्टिंक्ट लावून काम भागवणारे लोक बघितलेत, ते करू नका, दोन ऑर्डरचं फ्रेट सारखं निघालं की एक गायब आणि ते सापडायला पुढचा महिना उजाडतो.

उलट दिशेचा घोळ जास्त फसवा आहे, कारण ह्यात नेटिव्ह रिपोर्ट चुकीचा असतो आणि त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास असतो. बी२० किती विकले?

लिस्ट ऑर्डर्स विथ प्रॉड = "बी२०" टोटल क्यूटीवाय

हा १२ म्हणतो. एसक्यूएल अननेस्ट करून व्हेअर लावला तर ६. खरं उत्तर ६, पहिल्या ऑर्डरचे २ आणि दुसरीचे ४. रिट्रीव्हचं विथ हे रेकॉर्ड निवडतं, ओळ निवडत नाही. एका व्हॅल्यूमध्ये बी२० सापडला की सगळा रेकॉर्ड आत, मग ए१० चे ५ आणि सी३० चा १ पण बेरजेत बसतात. ह्यासाठी व्हेन आहे:

लिस्ट ऑर्डर्स विथ प्रॉड = "बी२०" व्हेन प्रॉड = "बी२०" प्रॉड टोटल क्यूटीवाय

विथने रेकॉर्ड गाळले, व्हेनने त्यातल्या व्हॅल्यू गाळल्या. पण व्हेन प्रॉडवर लावलं तर क्यूटीवायलाही त्याच जागेची व्हॅल्यू घ्यायची हे त्याला कळायला दोन्ही फील्ड एकाच असोसिएशनमध्ये हवेत, म्हणजे परत सातवी ओळ. व्हेन लावूनही आकडा हलला नाही तर आधी तिथे बघा.

ह्याचाच भाऊ म्हणजे नॉट इक्वल. "बी२० नसलेल्या ऑर्डर द्या" म्हणून विथ प्रॉड एनई "बी२०" लिहिलं तर १००१ येते, कारण तिच्यात बी२० नसलेल्याही व्हॅल्यू आहेत. विथ एव्हरी प्रॉड एनई "बी२०" लिहायला लागतं. हे एव्हरी जुन्या पॅराग्राफमध्ये (साठवून ठेवलेल्या कमांडींमध्ये) विसरलेलं खूप ठिकाणी सापडेल, आणि मग एसक्यूएलने बरोबर उत्तर दिलं की सगळे एसक्यूएललाच चूक ठरवतात.

हे असं का बनलंय ह्याची थोडी पार्श्वभूमी, घाई असेल तर हा परिच्छेद सोडा. डिक पिक आणि डॉन नेल्सन ह्यांनी टीआरडब्ल्यू कंपनीत १९६५ च्या सुमारास ही सिस्टीम अमेरिकन आर्मीच्या शायेन हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला म्हणून सुरू केली, कॉडचा रिलेशनल मॉडेलवरचा पेपर १९७० चा, म्हणजे टेबल-रो-कॉलम ही कल्पना प्रसिद्ध व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. एका भागाला अनेक पुरवठादार, तर ते एकाच रेकॉर्डमध्ये ठेवा, आणि स्टोअरकीपरला इंग्रजी वाक्यासारखं विचारता यावं, एवढाच हेतू. एसक्यूएल वरून चिकटवलंय. युनिव्हर्स स्वतः व्हीमार्कचं, नंतर आर्डेंट, इन्फॉर्मिक्स, २००१ ला आयबीएम आणि २००९ पासून रॉकेटकडे, मालक बदलले पण हा सांधा तसाच आहे.

तर तक्रार आली की क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी दोघं एकच फाइल वाचतायत का ते बघा, हसू नका, ह्यात भरपूर वेळ वाचतो. टर्मिनलवर तुम्ही एका अकाउंटमध्ये, म्हणजे युनिव्हर्सच्या एका कामाच्या डिरेक्टरीत, असता, ओडीबीसीचं कनेक्शन दुसऱ्या अकाउंटवर लॉगिन करतं. दोन्ही अकाउंटमध्ये जाऊन

सीटी व्हीओसी ऑर्डर्स

करा. व्हीओसी म्हणजे त्या अकाउंटमधल्या फाइली आणि कमांडींच्या नावांची यादी, तिच्यातल्या एफ पॉइंटरच्या, म्हणजे फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदीच्या, दुसऱ्या ओळीत डेटाचा पाथ आणि तिसरीत डिक्शनरीचा पाथ. डेटा एकच पण डिक्शनरी वेगळी असं कॉम्बिनेशन मी सगळ्यात जास्त बघितलंय, कोणीतरी कधीतरी रिपोर्टिंगसाठी वेगळं अकाउंट काढलं, डिक्शनरीची कॉपी मारली, आणि तेव्हापासून मूळ डिक्शनरीतले बदल तिकडे गेलेच नाहीत.

मग मोजणी. काउंट ऑर्डर्स आणि सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम ऑर्डर्स. हे दोन आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊच नका. जुळत नसतील आणि फाइल एकच असेल तर प्रॉम्प्टकडे बघा, एका > ऐवजी दोन >> दिसत असतील तर आधीची सिलेक्ट लिस्ट, म्हणजे निवडलेल्या रेकॉर्डांची यादी, अजून जिवंत आहे, नेटिव्ह कमांड ती लिस्ट गुपचूप वापरून टाकते, एसक्यूएलला एसलिस्ट असं स्पष्ट सांगितल्याशिवाय ते तिला हात लावत नाही. क्लिअरसिलेक्ट मारा आणि परत मोजा.

रेकॉर्ड जुळले पण रकमा जुळत नाहीत तर लिस्ट डिक ऑर्डर्स. शेवटच्या कॉलममध्ये डेप्थ आणि असोसिएशन दिसतं, तो कॉलम वरून खाली वाचत या. प्रॉड एम, क्यूटीवाय एम, रेट एस असं काही दिसलं की सापडलं. एस लिहिलेल्या फील्डमध्ये व्हॅल्यू मार्क असले की एसक्यूएल त्या फील्डला एकच सलग मजकूर समजतं, ओडीबीसीवर ते नंबर म्हणून जायला बघतं आणि एरर येते किंवा कचरा येतो. तिघंही एम आहेत पण सातवी ओळ रिकामी, तर तिघं एकमेकांना अनोळखी, प्रॉडवर अननेस्ट केलं तरी क्यूटीवाय आख्खाच राहतो. दुरुस्ती म्हणजे डिक्शनरीत आयटेम्स नावाचा पीएच (फ्रेज) आयटेम करायचा, त्याच्या दुसऱ्या ओळीत प्रॉड क्यूटीवाय रेट, आणि तिन्ही डी आयटेमच्या सातव्या ओळीत आयटेम्स लिहायचं. दोन्ही बाजूंनी लिहायला लागतं, एका बाजूने लिहून थांबलं तर अर्धवट चालतं आणि ते पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट.

असोसिएशन नीट असूनही लाइनच्या रकमा हुकत असतील तर व्हॅल्यूंची संख्या असमान असलेले रेकॉर्ड शोधा, चौथ्या ओळीत तीन माल आणि पाचवीत दोनच नग, जुन्या बेसिक प्रोग्रॅमने लाइन डिलीट करताना एका ॲट्रिब्यूटमधून काढली आणि दुसऱ्यातून काढायची विसरली की हे होतं, आणि मग त्या पुढची प्रत्येक लाइन एक घर सरकते. ह्यासाठी नेटिव्हच बरं, डीकाउंट व्हॅल्यू मोजतं आणि @व्हीएम म्हणजे व्हॅल्यू मार्क:

लिस्ट ऑर्डर्स विथ इव्हॅल "डीकाउंट(@रेकॉर्ड<४>,@व्हीएम) - डीकाउंट(@रेकॉर्ड<५>,@व्हीएम)" एनई "०"

इव्हॅल हे फार कामाचं आहे, डिक्शनरीत आय-टाइप, म्हणजे हिशोबाने निघणारं फील्ड, न करता जागच्या जागी एक्स्प्रेशन चालवता येतं, दुसऱ्याच्या डिक्शनरीत घाण न करता तपासणी होते. एकच सावधगिरी, शेवटच्या लाइनचा नग रिकामा असेल तर शेवटचा मार्क साठवलेलाच नसू शकतो, म्हणून सापडलेला प्रत्येक रेकॉर्ड चुकीचाच असेल असं नाही, सीटीने उघडून बघा.

कन्व्हर्जनचे घोळ ओळखायला सोपे. एसक्यूएलमध्ये रक्कम बरोबर शंभरपट दिसतेय तर तिसऱ्या ओळीत एमडी२ नाही किंवा तुम्ही तो नसलेला सिनोनिम वापरलाय. जुन्या डिक्शनऱ्यांत एकाच जागेला तीन-तीन नावं असतात, फ्रेट, एफआरटी, फ्रेट.एएमटी, कुणाला कन्व्हर्जन आहे कुणाला नाही. तारखेच्या जागी पाच आकडी नंबर आला तर तेच, तारखेचं कन्व्हर्जन डी४/ नाही. तारखेच्या तुलनेत मात्र जरा थांबून विचार करा. टर्मिनलवर '०१/०५/२०२४' म्हणजे १ मे की ५ जानेवारी हे सिस्टीमच्या आणि फील्डच्या डेट फॉरमॅटवर ठरतं, अमेरिकन क्लायंटच्या सर्व्हरवर आपण पुण्यात बसून क्वेरी मारतो आणि बारा तारखेपर्यंत एररही येत नाही, नुसता चुकीचा डेटा येतो, तेरापासून बोंबाबोंब सुरू होते. महिन्याचं नाव अक्षरात लिहा, '१ मे २०२४' छान चालतं.

फॉरमॅटमधला एल आणि आर हा नुसता छपाईचा प्रश्न नाही. रिट्रीव्ह सॉर्ट करताना एल असेल तर अक्षरासारखं लावतो, आर असेल तर आकड्यासारखं. एलमध्ये १० हे ९ च्या आधी येतं. १८ मे १९९५ ला अंतर्गत तारीख १०००० झाली, चार आकडी होती ती पाच आकडी झाली, त्यामुळे तारखेचा आयटेम कुणी कन्व्हर्जनशिवाय १०एल असा करून ठेवला असेल तर ९५ च्या मे नंतरचा माल त्याच्या आधीच्या मालाच्या वर जाऊन बसतो. एसक्यूएल आठव्या ओळीत टाइप नसला तर कन्व्हर्जन आणि फॉरमॅटवरून स्वतः अंदाज बांधतं, आणि अंदाज चुकला की सॉर्ट वेगळा, मग "पहिले शंभर द्या" म्हटलं की दोन्हीकडून वेगळे शंभर. फॉरमॅटमधली रुंदीही तशीच, २०एल म्हणजे ओडीबीसीच्या दृष्टीने कॉलम वीस अक्षरांचा, आत पस्तीस अक्षरं असली की ट्रंकेशनची तक्रार. रिट्रीव्ह तेच पस्तीस अक्षरांचं नाव दोन ओळींत मोडून छापतो आणि गप्प बसतो.

ह्या सगळ्यासाठी एचएस.स्क्रब नावाची युटिलिटी आहे, ती फाइलमधला खरा डेटा चाळून डिक्शनरीतल्या व्याख्या त्याच्याशी जुळतात का बघते आणि हवं तर दुरुस्त करते. आधी नुसता रिपोर्ट काढा, दुरुस्ती कॉपीवर करा. नवीन फाइल जोडली पण ओडीबीसीत दिसत नाही तर एचएस.अपडेट.फाइलइन्फो चालवा, फाइलींची यादी एका कॅशमध्ये असते आणि ती आपोआप ताजी होईल ह्या भरवशावर राहू नका.

रिकामं आणि नल. युनिव्हर्समध्ये रिकामी स्ट्रिंग वेगळी आणि एसक्यूएलचा नल वेगळा, नलसाठी वेगळं कॅरेक्टर आहे, १२८. जुन्या प्रोग्रॅमनी भरलेल्या डेटात नल जवळजवळ नसतोच, सगळं रिकाम्या स्ट्रिंगा. त्यामुळे व्हेअर शिप.डेट इज नल म्हटलं की शून्य रेकॉर्ड, आणि माणूस समजतो सगळा माल पोचला! टर्मिनलवर = '' असं विचारा. ओडीबीसीसाठी डिक्शनरीत @एम्प्टी.नल नावाचा एक्स टाइपचा आयटेम टाकला की रिकाम्या स्ट्रिंगा नल म्हणून जातात, टूल खूश होतात. पण त्याने सरासऱ्या बदलतात हे आधी सांगून ठेवा. एसक्यूएलची ॲव्हरेज नल सोडून देते, रिट्रीव्हची ॲव्हरेज रिकाम्यालाही मोजते जोपर्यंत तुम्ही नो.नल्स लिहीत नाही. दहा ऑर्डरपैकी चारांना फ्रेट रिकामं असेल तर एक सहाने भागतो, एक दहाने. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, कुठला हवा ते अकाउंट्सला विचारा, तुम्ही ठरवू नका.

अवतरणचिन्हं, पटकन. रिट्रीव्हला एकेरी-दुहेरी दोन्ही चालतात, एसक्यूएलमध्ये दुहेरी म्हणजे कॉलमचं नाव. कस्ट = "सी५१२" लिहिलं तर तो सी५१२ नावाचा कॉलम शोधायला जातो. एकेरी वापरा. नावात टिंब असलेले कॉलम, शिप.डेट सारखे, बाहेरच्या टूलना टेबल.कॉलम वाटतात, तिथे दुहेरी अवतरण घाला किंवा अंडरस्कोरवालं दुसरं नाव डिक्शनरीत करून द्या, मी दुसरंच करतो, रोजची कटकट मिटते. आणि शेवटी अर्धविराम विसरलात तर एसक्यूएल तुमची वाट बघत बसतं.

इंडेक्सवर जरा जास्त बोलायला हवं कारण इथे दोन्ही बाजू एकसुरात खोटं बोलू शकतात. क्रिएट.इंडेक्स करून बिल्ड.इंडेक्स केला, आय-टाइपवर केला, आणि त्या आय-टाइपमध्ये ट्रान्स लावून कस्टमर फाइलमधून शहराचं किंवा सेल्समनचं नाव ओढलंय. ऑर्डर लिहिली की इंडेक्स अपडेट होतो, पण उद्या कस्टमर फाइलमध्ये सेल्समन बदलला तर ऑर्डर्सच्या इंडेक्सला पत्ताच नाही, तो जुन्या सेल्समनखालीच ऑर्डरी दाखवत राहतो. आय-टाइपचं एक्स्प्रेशन बदलून नुसतं सीडीने कंपाइल केलं तरी तेच, आधीच भरलेला इंडेक्स जुन्याच हिशोबाने उभा. शंका आली की लिस्टला नो.इंडेक्स लावून तोच रिपोर्ट काढा, आकडा बदलला तर इंडेक्स शिळा आहे, डिलीट.इंडेक्स, क्रिएट, बिल्ड, रात्रीच्या वेळात. दुसऱ्या फाइलवर अवलंबून असलेल्या आय-टाइपवर इंडेक्स मुळात करूच नये असं माझं मत आहे, ज्यांनी करून ठेवलेत त्यांनी दर रविवारी रिबिल्ड करत बसावं.

आता स्पीड, कारण बेरीज जुळली की दुसरी तक्रार हीच. एसक्यूएल क्वेरीच्या शेवटी एक्स्प्लेन लावून प्लॅन बघा, बहुतेक वेळा आख्खी फाइल चाळतोय असं दिसेल, कारण इंडेक्स कस्ट ह्या नावावर आहे आणि क्वेरीत कस्ट.नो हा सिनोनिम वापरलाय. नाव बदलून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर निवड नेटिव्हने करा आणि हिशोब एसक्यूएलने, दोघांना जोडणारा पूल म्हणजे सिलेक्ट लिस्ट:

सिलेक्ट ऑर्डर्स विथ कस्ट = "सी५१२"
सिलेक्ट कस्ट, सम(फ्रेट) फ्रॉम ऑर्डर्स एसलिस्ट ० ग्रुप बाय कस्ट;

पहिलं वाक्य रिट्रीव्हचं, शून्य नंबरची लिस्ट तयार करतं, दुसरं एसक्यूएलचं, फक्त त्या लिस्टमधले रेकॉर्ड घेतं. उलटही होतं, एसक्यूएलमध्ये सबक्वेरी वगैरे लावून नेमके आयडी काढायचे आणि टू एसलिस्ट ० म्हणून लिस्ट नेटिव्हला द्यायची, मग जुना छापील रिपोर्ट किंवा बेसिकचा प्रोग्रॅम त्या लिस्टवर चालवायचा:

सिलेक्ट @आयडी फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर कस्ट इन (सिलेक्ट @आयडी फ्रॉम कस्टमर व्हेअर झोन = 'डब्ल्यू') टू एसलिस्ट ०;

"ज्या गिऱ्हाइकांचं असं असं आहे त्यांच्या ऑर्डर" हे रिट्रीव्हमध्ये लिहायचं तर प्रत्येक प्रश्नाला एक ट्रान्सवाला आय-टाइप डिक्शनरीत वाढत जातो, एसक्यूएलमध्ये एका ओळीत होतं. सेव्ह.लिस्टने लिस्ट ठेवून दिली तर दुसऱ्या दिवशी गेट.लिस्ट करून दोन्ही बाजूंनी त्याच रेकॉर्डांवर ताळा करता येतो, वादाच्या वेळी हे फार उपयोगी, कारण मधल्या काळात नव्या ऑर्डर आल्या म्हणून आकडा हलला ही पळवाटच राहत नाही.

मजकुरात घुसलेला कचरा हा शेवटचा नेहमीचा पाहुणा. रकमेच्या जागी कुणीतरी "फ्री" टाइप केलेलं असतं, लिस्ट ते तसंच छापतो, ओडीबीसी हजारो ओळी देऊन झाल्यावर मध्येच मान टाकतो आणि कुठल्या रेकॉर्डवर ते धड सांगत नाही. शोधायला, नम हे मजकूर नंबर आहे का ते तपासतं:

लिस्ट ऑर्डर्स विथ इव्हॅल "नम(@रेकॉर्ड<३>)" = "०"

रिकामी स्ट्रिंग नमला नंबरच वाटते त्यामुळे रिकामे रेकॉर्ड मध्ये येऊन गोंधळ घालत नाहीत. हे सिंगल व्हॅल्यूसाठी, मल्टिव्हॅल्यू फील्डसाठी छोटा बेसिक प्रोग्रॅम लिहिलेला बरा.

एक गोष्ट करू नका. एसक्यूएल नीट चालावं म्हणून चालू फाइलवर कन्व्हर्ट.एसक्यूएल मारून तिचं खरंखुरं टेबल करू नका, किमान आधी टेस्टमध्ये पूर्ण महिना चालवल्याशिवाय तरी नाही. साधी फाइल एसक्यूएलने वाचता येतेच, त्यासाठी टेबल व्हायची गरज नाही. टेबल झालं की फाइलच्या आत एसआयसीए नावाचा भाग बसतो, त्यात परवानग्या आणि कन्स्ट्रेंट, लिस्ट.एसआयसीएने दिसतात, आणि जे बेसिक प्रोग्रॅम जन्मापासून हवं ते हवं तिथे लिहीत आलेत ते त्या परवानग्या आणि कन्स्ट्रेंटवर अडकायला लागतात, युव्हीकॉन्फिग ह्या सेटिंगच्या फाइलमधल्या ओपनचेकप्रमाणे. डिस्पॅच थांबला की तुमची एसक्यूएलची हौस सगळ्यांना कळते. एसक्यूएलने अपडेट करणं हा तर वेगळाच विषय, प्रोग्रॅममधल्या सगळ्या तपासण्या वगळून थेट फाइलमध्ये हात जातो, मी ओडीबीसीच्या युजरला फक्त वाचायचा हक्क देतो, कोणी कितीही गयावया केली तरी.

युनिडेटावाल्यांसाठी. नेटिव्ह भाषा युनिक्वेरी, आय-टाइपला तिकडे व्ही-टाइपही म्हणतात, डिक्शनरीची शिस्त बरीचशी तीच. फरक असा की ओडीबीसीला फाइल द्यायच्या आधी व्हिज्युअल स्कीमा जनरेटरने सबटेबल आणि व्ह्यू बनवायला लागतात, म्हणजे असोसिएशन चुकलेलं असेल तर ते तिथेच डोळ्यांसमोर दिसतं. डिक्शनरी बदलली की स्कीमा परत करा, नाहीतर व्ह्यू जुन्याच आकाराचा राहतो. जेबेस ह्या अशाच डेटाबेसवाले, विशेषतः टी२४ ह्या बँकिंग सॉफ्टवेअरवर बँकांची कामं करणारे, त्यांच्याकडे कमांडची नावं वेगळी आहेत पण वरचा फ्रेट तीनदा मोजल्याचा आणि बी२० चा किस्सा त्यांनाही तसाच भेटतो.

पुढच्या वेळी कोणी आकडे जुळत नाहीत म्हणून आलं तर त्याच्याकडून एवढंच मागा: दोन्ही क्वेऱ्या जशाच्या तशा, दोन्ही अकाउंटचा सीटी व्हीओसी, लिस्ट डिकचं आउटपुट, आणि ज्या एका ऑर्डरवर फरक दिसतोय तिचा सीटी. सगळ्या फाइलचा टोटल पाठवू नका म्हणून सांगा, त्यातून काही कळत नाही, एका ऑर्डरवरचा फरक सापडला की बाकीचा त्याच्या मागोमाग सुटतो, आणि एकही ऑर्डर दाखवता येत नसेल तर पहिल्यांदा त्यालाच दोन्ही याद्या आयडीप्रमाणे लावून फरक काढायला बसवा.